मांजर, लांब

भाडेकरू गेला तेव्हा
दोन महिन्यांचं भाडं थकवून गेला, आणि एक पिंजरा ठेवून.
पिंजऱ्यात ही.
हातभर लांब, मनगटाएवढी जाड,
जुन्या गोणपाटाच्या रंगाची.
सुतळी म्हटलं तर वळून बघितलं, मग तेच राहिलं.

वॉचमन म्हणाला, मुंगूस आहे, शुभ असतं.
रिक्षावाल्याने आरशातून विचारलं, साप धरते का?
मी म्हटलं, मोजे धरते.
खरंच, सोफ्याखालून माझे अकरा मोजे निघाले,
आणि ह्यांचा एक,
सहा वर्षांत मी न शोधलेला.

दसऱ्यानंतर तिचे मागचे पाय फरपटायला लागले.
चालता चालता थांबायची, कोपऱ्याकडे बघत राहायची,
टोकन हातात घेऊन कशासाठी आलो तेच विसरल्यासारखी.
तीस वर्षं बँकेत कॅश काउंटरला होते मी.
ती नजर ओळखीची.

गोरेगावच्या डॉक्टरांनी केसपेपरवर
प्राणी या रकान्यात लिहिलं: मांजर.
थोडं थांबून पुढे: लांब.
मालाडच्यांनी कुत्र्याचं इंजेक्शन काढलं,
मी पिशवीची चेन ओढली.
अंधेरीच्या चकचकीत दवाखान्यात
तिघांनी तिच्यासोबत फोटो काढले.
आठशे रुपये. निदान: अशक्तपणा. खायला घाला.
घालत होतेच की.
दर दोन तासांनी ग्लुकोजचं बिस्कीट, दुधात बुडवून,
माझ्या हाताने.

केमिस्टच्या पोऱ्याने खोक्याच्या पुठ्ठ्यावर नंबर लिहून दिला.
चेंबूर. डॉ. तळपदे. रिटायर. पाटी नाही.

तिसरा मजला.
बनियनवर एक म्हातारा, हातात अर्धं सोललेलं मोसंबं.
पिशवीत डोकावले, मोसंबं ठेवलं, हात धुतले.
मानेमागे चिमटीत धरून तिला उचललं
तर ती लटकली आणि चक्क जांभई दिली.
तीन डॉक्टरांना चावलेली माझी सुतळी.
बोटं पोटावरून अशी गेली
जशी माझी नोटांच्या बंडलावरून जायची,
न बघता.

स्वतःचं साखरेचं मशीन आणलं. नवी सुई.
एक थेंब.
छत्तीस.
बिस्किटं बंद, म्हणाले, आत्तापासून.
गोड मिळालं की हिच्या आत इन्सुलिनचा नळ सुटतो,
मग होती तीही साखर जाते.
मांस द्या. चार-चार तासांनी, रात्रीसुद्धा.
कोसळली तर हिरड्यांना मध चोळा, सावरली की लगेच खिमा.
गोळी एवढीच, ह्या चतकोरापेक्षा जास्त नाही.
बरी होणार नाही.
वर्ष मिळेल. दीडही मिळेल.

मी मनात बिस्किटांची बेरीज करत होते.
ती काही केल्या थांबेना.

तुम्हाला कसं कळतं एवढं? विचारलं शेवटी.
मोसंब्याच्या साली गोळा करत म्हणाले,
लशीची कंपनी होती. तापाच्या.
ही माणसासारखीच शिंकतात ना.
बावीस वर्षं.
डोळे मिटून सांगतो, आत काय कुठे असतं.
मग हळू,
उघडूनच तर पाहिलंय.

किती, ते मी विचारलं नाही.
कॅशियर असून विचारलं नाही.
आकडा वहीत आहे, ते आपणच म्हणाले.
नावं नव्हती त्यांना.

तोवर खाली सुतळीने त्यांची एक सपाता
पलंगाखाली ओढून नेली होती.

चिठ्ठीवर त्यांनी सवयीने आधी क्र. लिहिलं
आणि पेन तिथेच टेकवून बसले.
शाईचा ठिपका मोठा होत गेला.
मग विचारलं, हिला काय म्हणता?

पहाटे चारचा गजर. वाटीत खिमा.
ओट्याखालून खसखस, मागचे पाय अजून थोडे मागे.
चार वाजून दहा मिनिटांनी फोन वाजतो.
नमस्कार नाही, चमत्कार नाही.
उठली का सुतळी?
खातेय, मी म्हणते.
पलीकडून कुणी बोलत नाही, ठेवतही नाही.
मी फोन वाटीजवळ धरते.